छप्पर तीन इंच खाली

१९३२ सालची फोर्ड. दोन दारं, आत दोघांपुरती ऐसपैस जागा, मागे गोलसर पाठ. अमेरिकेत या प्रकाराला 'कूप' म्हणतात. मूळ फ्रेंच उच्चार कूपे, पण अमेरिकनांनी शेवटचा स्वर गाळून टाकला आणि आपल्याला उगाच विहिरीची आठवण करून दिली. गाडीचा रंग खरवडून पत्रा उघडा केला आहे. दारं लावून आतून लोखंडी पाइपांचे आडवे-तिरके टेकू वेल्ड केले आहेत, म्हणजे सांगाडा हलायला नको. खिडक्यांच्या खांबांवर कागदी चिकटपट्टीच्या दोन-दोन रेघा आहेत. प्रत्येक जोडीत अंतर तीन इंच. आता करवत चालेल, रेघांमधला तुकडा निघेल आणि छप्पर तेवढं खाली उतरेल.

जुनी गाडी कापून-घडवून जास्त पळणारी केली की तिला 'हॉट रॉड' म्हणतात. हॉट रॉडचा विषय निघाला की लोक इंजिनाबद्दल बोलायला लागतात. ते साहजिक आहे, आवाज त्याचाच असतो. पण अशी गाडी हाताने घडवण्यातली खरी गंमत मला त्या मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यात दिसते. इंजिनाचे सुटे भाग विकत मिळतात. पत्र्याला मात्र समजूनच घ्यावं लागतं.

हा छंद दक्षिण कॅलिफोर्नियातला. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटात म्युरॉक, एल मिराज अशी आटलेली सरोवरं आहेत, मैलोन्‌मैल सपाट, टणक माती. १९३० च्या दशकात पोरं जुन्या फोर्ड घेऊन तिथे जायची, मडगार्ड काढून ठेवायची आणि गाडी किती पळते ते घड्याळ लावून बघायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. म्युरॉक पुढे लष्कराच्या ताब्यात गेलं, तोच आजचा एडवर्ड्स हवाई तळ. १९४९ पासून युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचा आठवडा भरू लागला. मधल्या काळात महायुद्ध झालं आणि त्याचा फायदा या पोरांना झाला. त्याच भागातल्या विमान कारखान्यांत पत्रा वळवायला, वेल्ड करायला शिकलेले हात युद्ध संपल्यावर मोकळे झाले. बिल बर्क नावाच्या गड्याने तर १९४६ मध्ये लढाऊ विमानाच्या पोटाखाली लावायची जादा इंधनाची टाकी आणली आणि तिच्यातच इंजिन बसवून गाडी केली.

१९३२ च्या फोर्डलाच एवढा मान का, याचं उत्तर मात्र इंजिनात आहे. त्या वर्षी फोर्डने आठ सिलिंडरचं 'व्ही' आकाराचं इंजिन एकाच ओतकामात ओतून साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत दिलं. ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती. आज आपल्याकडची १.२ लिटरची छोटी गाडी यापेक्षा जास्त देते, पण तेव्हा ही चैन होती. या इंजिनाचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ठोकळ्यातच असतात आणि वरचं झाकण तव्यासारखं चपटं असतं, म्हणून नाव फ्लॅटहेड. त्याचं दुखणंही त्याच रचनेत आहे. जळालेला गरम वायू सरळ बाहेर न पडता ठोकळ्याच्या पोटातून, थंड करणाऱ्या पाण्याला खेटून बाहेर येतो. शिवाय एका बाजूच्या चार सिलिंडरना बाहेर पडायच्या वाटा तीनच, मधल्या दोघांना एकीतच दाटीवाटी करावी लागते. साहजिकच इंजिन तापतं. तरी पोरांनी या इंजिनावर दोन-दोन, तीन-तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारी भांडी, चढवले. त्यातले ९७ म्हणजे हवेच्या गळ्याचा व्यास, ०.९७ इंच. इंजिनाचं एवढंच पुरे. छपराकडे वळू.

छप्पर कापून मिळतं काय? पुढून धडकणाऱ्या हवेचा विरोध गाडीच्या समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर, तिच्या आकारावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. त्या विरोधाला तोंड द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ढोबळ हिशेब करू. छप्पर रुंदीला ४० इंच धरलं, तर तीन इंच कापून १२० चौरस इंच वाचले, म्हणजे ०.०८ चौरस मीटरला थोडे कमी. समोरून दिसणारी सगळी गाडी दोन चौरस मीटरच्या आतबाहेर धरली, तर बचत चार टक्क्यांची. घनमूळ काढलं की वेगातली वाढ जेमतेम सव्वा टक्का. ताशी १०० मैल पळणारी गाडी १०१ च्या थोडी पुढे जाईल. एवढ्यासाठी चांगली गाडी कापायची? सरोवरावर जिथे मैलाच्या अंशांवर हार-जीत ठरायची तिथे हो. रस्त्यावर मात्र हे निव्वळ दिसण्यासाठी असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कमी झालेल्या खिडक्यांनी ती गाडी भुवया आवळून बघतेय असं वाटतं.

आकाराचा फायदा उंचीपेक्षा मोठा असतो, हे पिअरसन बंधूंनी ओळखलं होतं. त्यांच्या १९३४ च्या कूपला शर्यतीच्या नियमाप्रमाणे सात इंच उंचीची पुढची काच ठेवणं भाग होतं. ती किती तिरकी असावी याबद्दल नियम गप्प होता. त्यांनी काच सात इंचांचीच ठेवली आणि मागे पार झोपवली.

आता करवतीकडे. खांब अगदी उभे असते तर काम सोपं होतं, तुकडा काढला की वरचं खाली बसलं. पण गाडीचे खांब वर जाताना आत झुकतात. खांब उभ्या रेषेशी १० अंशांचा कोन करत असेल, तर छप्पर तीन इंच सरळ खाली आणल्यावर वरचा आणि खालचा तुकडा एकमेकांपासून अर्ध्या इंचाहून जास्त सरकलेला दिसतो. पुढचे खांब एका दिशेला, मागची पाठ दुसऱ्या दिशेला. मग एकतर खांब थोडे वाकवायचे, नाहीतर छप्परच मधोमध कापून लांब-रुंद करायचं. १९३२ ची गाडी उभट असल्याने सुसह्य. १९३४ ची जास्त तिरकी, म्हणून जास्त त्रासाची. आणखी एक युक्ती म्हणजे सगळे खांब एकाच उंचीवर कापायचे नाहीत. ज्या खांबाची जाडी जिथे वर-खाली सारखी आहे तिथेच तो कापायचा, म्हणजे सांधा जुळतो. काचा तेव्हा सपाट होत्या ही मोठी सोय. आजच्या गाड्यांच्या बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात, कापायला गेलं की दाण्यादाण्यांचा ढीग होतो. (आपल्याकडे हे करायला जाऊ नका. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही.)

सांधा जुळला की वेल्डिंग, आणि इथे पत्रा रंग दाखवतो. वेल्डची जागा तापते, फुगू पाहते. पण आजूबाजूचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही. गरम पोलाद मऊ असल्याने ते दबतं आणि जागच्या जागी जाड होतं. थंड होताना ते आकसतं, आणि जाड होण्यात गेलेली लांबी परत मिळत नसल्याने मुळापेक्षा आखूड होतं. सबंध सांधा दोरीने आवळल्यासारखा ओढला जातो आणि शेजारचा पत्रा लाटेसारखा उचलतो. म्हणून सांधा सलग वेल्ड करत नाहीत. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचं. नंतर मागे ऐरणीचा ठोकळा धरून सांध्यावर हातोडी मारायची, म्हणजे आखूड झालेलं पोलाद पुन्हा पसरतं. जुन्या पद्धतीचे कारागीर अजून गॅस वेल्डिंग धरून आहेत ते यासाठी. गॅसची उष्णता जास्त पसरते खरी, पण सांधा हळू निवतो, मऊ राहतो आणि हातोडीला दाद देतो.

मला सर्वांत आवडते ती गोष्ट अशी, की पत्रा बिघडवणारा हाच गुण पत्रा सुधारायलाही वापरतात. नव्वद वर्षांच्या पत्र्यावर पोचे पडलेले असतात, कोणीतरी ते आडदांडपणे ठोकून काढलेले असतात. तिथला पत्रा ताणून जास्तीचा झालेला असतो. अंगठ्याने दाबला की आत जातो, सोडला की डब्याच्या झाकणासारखा 'टक्' करून बाहेर येतो. आपल्याकडचे डेंटरही हा आवाज ओळखतात. आता या फुगीर जागेच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका गॅसच्या ज्योतीने लालबुंद करायचा. ७०० अंश सेल्सिअसला पोलाद सुमारे एक टक्का पसरू पाहतं. भोवतालचा थंड पत्रा त्याला अडवतो, ठिपका बारीकशा टेकडीसारखा वर येतो. लाली उतरायच्या आत मागे ठोकळा धरून त्याच्या कडेने हलके दोन-तीन ठोके. ठिपका आतल्या आत दबून जाड होतो. मग ओलं फडकं. चर्र आवाज येतो, ठिपका आकसतो आणि आजूबाजूचा सैल पत्रा स्वतःकडे ओढून घेतो. पुन्हा अंगठा लावून पाहावा, टकटक गेलेली असते. एका ठिपक्यात फरक पडतो तो मिलिमीटरच्या अंशाचा, पण पत्रा तेवढ्यावरच तणावात येतो.

१९३२ च्या कूपच्या छपरात मधोमध पत्राच नसतो! लाकडी कमानी आणि त्यावर ताणलेलं मेणकापड. एवढा रुंद पत्रा लाटणं आणि दाबणं तेव्हा सोपं नव्हतं, जनरल मोटर्सने सबंध पोलादी छप्पर आणलं ते १९३५ च्या गाड्यांत. हॉट रॉडवाला ते भगदाड पत्र्याने भरतो, आणि तो पत्रा दोन्ही दिशांनी किंचित गोल लागतो. वर्तमानपत्राचा कागद डब्याभोवती सुरकुती न पडता गुंडाळता येतो, कलिंगडाभोवती नाही. पत्र्याचंही तेच. दोन दिशांची गोलाई हवी तर मधला भाग खरोखर ताणून पातळ करावा लागतो. त्यासाठी इंग्लिश व्हील नावाचं यंत्र असतं. वर सपाट चाक, खाली फुगीर चाक, मध्ये पत्रा घालून तो पुढे-मागे, पुढे-मागे. दर फेरीला पत्रा इतका थोडा पातळ होतो की डोळ्यांना काही दिसत नाही.

ज्याच्याकडे चाक नाही तो हातोडीने करतो. पुण्यातल्या कसबा पेठेच्या तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावायला नको. तिथे तांब्याच्या हंड्यावर शेजारी शेजारी ठोके पडत जातात आणि भांडं कडक होतं. धातूचे अणू रांगांनी रचलेले असतात आणि त्या रचनेत ठिकठिकाणी खोट असते. ठोका बसला की ही खोट सतरंजीतल्या सुरकुतीसारखी सरकते, म्हणून धातू वाकतो. ठोके वाढले की सुरकुत्या वाढतात, एकमेकींत अडकतात, सरकायला जागा उरत नाही. धातू कडक झाला. आणखी ठोकला तर चिरतो. मग तांबट भांडं भट्टीत तापवून मऊ करून घेतो आणि पोलादाचा कारागीर पत्रा. फरक शेवटाला आहे. तांबटाला ठोक्यांचे ठसे दिसायला हवे असतात. गाडीवाल्याला एकही नको.

ठशांचा शेवटचा अंश आणि सांध्याची खाच राहतेच. आज ती पुट्टीने भरतात. जुन्या रीतीचा माणूस शिशाने भरतो, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे चक्क कल्हई. पोलादाला शिसं चिकटत नाही, पण कथील चिकटतं. कथील आणि लोखंड यांच्या संयुगाचा अतिपातळ थर तयार होतो आणि पुढचं सगळं त्यावर पकड घेतं. कल्हईवाला नवसागर टाकून भांड्यावरचा मळ आणि गंज काढून टाकतो. इथेही तशीच क्षाराची पेस्ट आधी लावतात.

वर लावायच्या कांडीत शिसं ७० टक्के, कथील ३० टक्के. शिसं ३२७ अंशांना वितळतं, कथील २३२ ला. मिश्रण मात्र १८३ अंशांनाच वितळायला लागतं, आणि पूर्ण पातळ व्हायला सुमारे २५५ अंश लागतात. त्यामधल्या सत्तरएक अंशांत ते ना घट्ट असतं ना पातळ. रवाळ तूप आठवा, द्रवात तरंगणारे घट्ट कण. या अवस्थेत ते उभ्या पत्र्यावरूनही ओघळत नाही आणि मेण किंवा चरबी लावलेल्या लाकडी फळीने लोण्यासारखं सारवता येतं. लाकडाला ते चिकटत नाही. ज्योत किंचित जास्त वेळ थांबली की सगळं घळ्ळकन जमिनीवर, कमी पडली की दाणेदार होऊन तुटतं. पोलादाला या उष्णतेचं काही वाटत नाही, त्यामुळे पत्रा वाकत नाही. निवल्यावर ते कानशीने घासतात. घासायचं यंत्र लावत नाहीत, कारण शिशाची धूळ श्वासातून रक्तात जाते आणि मज्जासंस्थेला इजा करते. मोठ्या दातांच्या कानशीने निघालेले जाड कीस मात्र खाली पडतात, गोळा करता येतात.

कानस फिरली की उघडा पत्रा मंद, करडा दिसतो. त्यात प्रतिबिंब नसतं, म्हणून चढ-उतार डोळ्यांना सापडत नाहीत. रंग चढल्यावर प्रत्येक लाट उठून दिसणार हे ठाऊक असतं. अशा वेळी कारागीर तळहात आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ सुती फडकं धरतो आणि हात सावकाश छपरावरून फिरवतो. नुसत्या हाताला कातडीची ओढ जाणवत राहते. फडक्यामुळे ती ओढ जाते आणि उरते फक्त वर-खाली होणाऱ्या पृष्ठभागाची जाणीव. हात डाव्या खांबाच्या सांध्यापाशी थांबतो, थोडा मागे येतो, पुन्हा जातो. फडकं बाजूला होतं, तिथे पेन्सिलने एक गोल काढला जातो आणि हातोडी पुन्हा उचलली जाते.