पुली की सांधा? बोट नेमकं कुठे दुखतंय ते आधी बघा

क्लाइंबिंग करताना क्रिंपवर, म्हणजे बारीक होल्ड (वॉलवरची पकड) बोटं मुडपून धरताना, बोट दुखलं की वॉलवर लगेच निदान होतं: पुली गेली. मग टेप, दोन आठवडे सुट्टी आणि परत तेच दुखणं. अशा बऱ्याच बोटांची पुली धडधाकट असते, सुजलेला असतो मधला सांधा. दोन्ही जागा एकमेकींना लागून आहेत म्हणून गफलत होते, पण इलाज वेगळे आहेत.

बोट वाकवणारी टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडाला धरून राहावी म्हणून तिच्यावर आडवे पट्टे असतात. नेफ्यातून नाडी सरकते तशी ती त्यांच्याखालून सरकते. या पट्ट्यांना पुली म्हणतात. तळव्यालगतच्या पेरावरची ‘ए-टू’ सगळ्यात जास्त भार घेते, आणि दुखावते बहुधा अनामिकेची, नाहीतर मधल्या बोटाची. घडतं एका क्षणात: बारीक होल्डवर बोटं मुडपलेली, पाय सुटतो, सगळं वजन बोटांवर येतं. कधी ‘टक्’ असा आवाजही येतो. तो आला नाही म्हणजे पुली शाबूत, असं मात्र धरू नका.

सांध्याची सूज अशी एका दिवसात येत नाही. सलग काही आठवडे क्रिंपचे सेशन झाले की मधला सांधा टपोरा दिसू लागतो, अंगठी अडकते, सकाळी मूठ पूर्ण वळत नाही. डिसेंबरात नागपूरची थंडी पडली की सकाळचा हा आखडलेपणा जास्तच जाणवतो. वॉर्म-अप झाला की दुखणं कमी होतं, म्हणून माणूस चढत राहतो आणि संध्याकाळी सांधा पुन्हा फुगतो.

ओळखायचं असेल तर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आधी तळव्याच्या बाजूने पहिल्या, म्हणजे तळव्यालगतच्या पेरावर दाबा. नेमकी तिथेच कळ आली तर संशय पुलीवर. मग मधला सांधा दोन्ही कडांनी चिमटीत धरा आणि पाठीमागूनही दाबून बघा. इथे दुखलं, तर सांधा. कॉटन मार्केटातून भाजीची जड पिशवी बोटांवर लटकवून आणताना फारसं दुखत नाही, पण बोटं मुडपून क्रिंप धरला की कळ येते, हे पुलीचं नेहमीचं लक्षण. सांध्याची सूज असेल तर दुसऱ्या हाताने बोट पूर्ण मिटवतानाच शेवटी ताठरतं.

पुलीची खात्री सोनोग्राफीने होते. एक्स-रेत पुली दिसत नाही, हाड मोडलंय का तेवढं कळतं. नागपुरात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत जा की धंतोलीतल्या दवाखान्यात, बोटाने जोर लावायला सांगून सोनोग्राफी करा, असं स्पष्ट सांगा. टेंडन हाडापासून दोन मिलिमीटरपेक्षा जास्त दूर गेली, तर ए-टू तुटल्याचं धरतात. नुसता ताण असेल तर चार आठवड्यांनी सोपं चढता येतं, सहाव्या आठवड्यापासून पूर्ण. ए-टू अर्धवट फाटली असेल तर सुमारे दहा दिवस बोट स्प्लिंटमध्ये (बोट हलू न देणाऱ्या आधारात), आणि पूर्ण जोर सहा ते आठ आठवड्यांनी. पूर्ण तुटली तर दहा ते चौदा दिवस स्प्लिंट, मग पुलीला आधार देणारी कडक रिंग, आणि पूर्ण चढाई तीन महिन्यांनी. एकाहून जास्त पुली तुटल्या असतील तर सर्जनकडे जाणं भाग आहे.

चढाईकडे परतताना एच-टेप, म्हणजे इंग्रजी ‘एच’च्या आकारात कापलेली टेप, वापरा. दीड सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब पट्टी घ्या. दोन्ही टोकांकडून मधोमध उभी चिरत आणा, मध्ये एक सेंटिमीटरचा पूल ठेवा. हा पूल मधल्या सांध्याखाली, तळव्याच्या बाजूला येऊ द्या. पट्टीचे तळव्याकडचे दोन पाय पहिल्या पेराच्या वरच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळा, मग सांधा वाकवून उरलेले दोन पुढच्या पेराभोवती. टोक निळसर पडलं तर लगेच सोडा. निरोगी पुली टेपने वाचते, असं समजू नका.

सुजलेल्या सांध्याला या टेपचा उपयोग नाही आणि बोट आठवडाभर बांधून ठेवणं तर वाईटच, सांधा आणखी आखडतो. इथे भार कमी करायचा, हालचाल थांबवायची नाही. क्रिंप बंद, मोठ्या होल्डवर उघड्या हाताने चढायचं, सेशन निम्मे करायचे. दिवसातून दोन-तीनदा बोट सावकाश पूर्ण मिटवा-उघडा, जोर न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा आदल्या दिवशीपेक्षा जास्त आखडला, तर काल जास्त झालं. हे दुखणं महिनोन्‌महिने चालतं, पण मधेच महिनाभर हात बांधून बसून, मग एकदम जुन्या ग्रेडवर (चढाईच्या अवघडपणाच्या पातळीवर) गेलात तर ते तसंच परत येतं.

आठवी ते दहावीतल्या मुलांना मात्र यातलं काही लावू नका. त्यांच्या मधल्या सांध्याच्या मागच्या बाजूला दुखत असेल तर हाडाच्या वाढीच्या थराला भेग पडलेली असू शकते आणि वरून ती अगदी सुजलेल्या सांध्यासारखी दिसते. चढणं त्याच दिवशी बंद, एक्स-रे काढा. तो साफ आला तरी दुखणं राहिलं तर एमआरआय. तसंच कुठल्याही वयात बोटाचं टोक स्वतःहून वाकेनासं झालं, तर टेंडन तुटलेली असू शकते. अशा वेळी दोन-चार दिवसांच्या आत हँड सर्जनला दाखवा.