फिजेट खेळणी

फिजेट खेळणी : हाताला चाळा मिळून मन समोरच्या कामावर टिकावे किंवा अस्वस्थता शमावी, या हेतूने वापरली जाणारी छोटी हातखेळणी. फिरकी (फिजेट स्पिनर), बाजूंवर बटणे-कळा असलेला ठोकळा म्हणजे फिजेट क्यूब, बोटाने दाबायचे मऊ फुगवटे असलेला पॉप-इट आणि दाबायचे मऊ चेंडू हे प्रकार परिचित आहेत.

फिरकीचा उगम वादग्रस्त आहे. २०१७ च्या पूर्वार्धात तिची लाट पसरली, तेव्हा अनेक वृत्तपत्रांनी तिचे जनकत्व अमेरिकेतील कॅथरीन हेटिंगर यांना दिले. त्यांनी १९९७ मध्ये फिरत्या खेळण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. नूतनीकरणाचे शुल्क न भरल्याने ते पेटंट २००५ मध्ये संपुष्टात आले. मात्र त्यांचे खेळणे म्हणजे बोटाच्या टोकावर तोलून फिरवायची घुमटाकार चकती होती व तिच्यात बेअरिंग नव्हते. प्रचलित फिरकीच्या मध्यभागी बहुधा स्केटच्या चाकात असते तेच, २२ मिमी. बाह्य व्यासाचे बेअरिंग असते. त्यावरील टोप्या अंगठा व मधले बोट यांत धरून टिचकी मारली की पाती फिरू लागतात आणि वजन त्यांच्या टोकांशी असल्याने बराच वेळ फिरत राहतात. या रचनेला स्कॉट मॅकॉस्करी यांचा ‘टॉर्कबार’ (सु. २०१४) अधिक जवळचा आहे, म्हणून हेटिंगर यांना जनक न म्हणता पूर्वसुरी म्हणणे उचित. पॉप-इटची कल्पना थिओ व ओरा कोस्टर या इझ्राएली दांपत्याने सु. १९७५ मध्ये मांडली; तिचा सार्वत्रिक प्रसार मात्र २०२१ च्या सुमारास झाला.

चीनमधील, तळहातात फिरवायचे बाओडिंग गोळे, ग्रीक मण्यांची माळ आणि बडोद्याच्या मराठी घरांतील, गुजरातेतील संखेडा येथील, कातून लाखेने रंगवलेली लाकडी खेळणी यांचे फिजेट खेळण्यांशी नाते जोडले जाण्याचा संभव आहे. हातचाळ्याचे साम्य खरे असले, तरी संखेड्याची खेळणी अवधानासाठी बनवलेली नसल्याने ती पूर्वरूपे ठरत नाहीत.

परिणामकारकतेबाबत सरसकट विधान करता येत नाही. अवधान-न्यूनता व अतिचंचलता असलेल्या मुलांत शारीरिक हालचाल वाढली असता कार्यस्मृतीची (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याच्या क्षमतेची) कामगिरी सुधारते, असे २०१५ च्या एका अभ्यासात दिसले. तथापि हा निष्कर्ष मुलांच्या स्वाभाविक हालचालींविषयीचा आहे, खेळण्यांविषयीचा नव्हे. उलट, व्हिडिओ व्याख्यान पाहताना फिरकी फिरवणाऱ्यांना त्यातील आशय कमी आठवला, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. फिरकी नजर वेधून घेते, हे त्याचे कारण असावे. त्यामुळे वर्गात न पाहता, आवाज न करता हाताळता येणारी वस्तू बरी. स्वमग्न मुलांच्या बाबतीत हेतूच वेगळा असतो : तेथे तोच तो स्पर्श मुलाला स्थिरावण्यास साहाय्य करतो, म्हणून बेशिस्त समजून ती वस्तू हिसकावून घेणे अन्यायाचे होय. दिवे लागणाऱ्या फिरकीतील चपटे सेल गिळले गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. लहान मुलांच्या हाती अशी फिरकी देऊ नये.