हिऱ्यांचा बाजार लंडनहून बोत्स्वानाला गेला, मग आपल्या दागिन्यांचं काय?

दुकानात एक प्रश्न वरचेवर येतो. "हिरे आता थेट आफ्रिकेतूनच विकले जातात ना? मग स्वस्त का होत नाहीत?" प्रश्न रास्त आहे, पण मापं घेता घेता त्याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून हे माहितीपत्रक.

काय हललं आणि काय नाही

डी बीयर्स ही कच्च्या हिऱ्यांच्या धंद्यातली जुनी, बडी कंपनी. तिची विक्री कित्येक दशकं लंडनच्या चार्टरहाउस स्ट्रीटवरून होत असे. वर्षातून दहा वेळा ठरावीक व्यापाऱ्यांना बोलावणं जायचं. या विक्रीला धंद्यात 'साइट' म्हणतात आणि बोलावणं येणाऱ्यांना 'साइटहोल्डर'. समोर कच्च्या मालाचा डबा ठेवला जातो, किंमत आधीच ठरलेली. सहसा घासाघीस नाही. परवडला तर उचला, नाहीतर राहू द्या.

२०११ मध्ये कंपनीने बोत्स्वाना सरकारशी दहा वर्षांचा करार केला आणि २०१३ च्या अखेरीस ही साइट त्या देशाच्या राजधानीत, गाबोरोनला हलली. मुंबई-सुरतेचे जे साइटहोल्डर लंडनला जात, ते गाबोरोनला जाऊ लागले. आमची पेढी साइटहोल्डर नाही, कधीच नव्हती. आम्ही पैलू पाडलेला माल वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समधल्या व्यापाऱ्यांकडून घेतो. तो क्रम तेव्हाही हाच होता, आजही हाच आहे.

विक्री आपल्याकडे आणण्याचा हट्ट बोत्स्वानाने का धरला?

१९६६ मध्ये हा देश स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी ओरापाला हिऱ्यांचा साठा सापडला. १९८२ मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली, आणि मालाच्या किमतीचा हिशेब केला तर ती जगातल्या सर्वांत श्रीमंत खाणींमध्ये गणली जाते. या खाणी 'डेब्स्वाना' चालवते. तिच्यात सरकार आणि डी बीयर्स यांची निम्मी-निम्मी भागीदारी आहे.

पण खाण आपल्या जमिनीत असली तरी मालाची प्रतवारी आणि विक्री परदेशात होत होती. म्हणजे शेत आपलं आणि आडत दुसऱ्याच्या गावात! विक्री गाबोरोनला आल्यावर तिच्याबरोबर प्रतवारी करणाऱ्यांच्या नोकऱ्या, बँकांची कामं, मालाची सुरक्षित वाहतूक, हॉटेलं असं बरंच काही आलं. हिरे घासण्याचे कारखानेही तिथे आहेत, त्यांतले काही भारतीय व्यापाऱ्यांचे. शिवाय डेब्स्वानाच्या मालातला काही हिस्सा सरकारची स्वतःची ओकावांगो डायमंड कंपनी लिलावाने विकते. सुरुवातीला हा हिस्सा १५ टक्क्यांपर्यंत होता. आमच्या मते बोत्स्वानाचा हा आग्रह चोख व्यापारी शहाणपणाचा होता.

"माझा हिरा बोत्स्वानाचाच का?"

बहुतेक वेळा याचं खरं उत्तर आम्हाला देता येत नाही, आणि ते का, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

डी बीयर्स बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका आणि कॅनडा इथल्या आपल्या खाणींचा माल गाबोरोनला एकत्र आणते. तो आकार, घडण, रंग आणि शुद्धता पाहून हजारो प्रतींमध्ये वेगळा केला जातो आणि मग सारख्या प्रतीचा माल, खाण कुठलीही असो, एकत्र होतो. साइटच्या डब्यातला माल असा मिसळलेला असतो. पुढे सुरतेत पैलू पाडताना कच्च्या दगडाचं निम्मं किंवा त्याहून जास्त वजन उडतं. तयार खडे चाळण्यांतून पुन्हा आकाराप्रमाणे निवडले जातात आणि पुड्यांतून हात बदलत मुंबईला येतात. तुमच्या कुड्यांच्या जोडीत १४ खडे असतील, तर ते चार देशांचे असू शकतात. मोठ्या खड्याचा माग कधी कधी खाणीपासून ठेवलेला असतो. तशी कागदपत्रं असतील तर आम्ही ती दाखवतो. नसतील तर 'आफ्रिकेचा अस्सल' वगैरे म्हणत नाही.

मग भाव?

विक्रीची जागा बदलली म्हणून भाव उतरत नाही. खाणीपासून तुमच्या बोटापर्यंतच्या साखळीतली एकही कडी गळालेली नाही. गेल्या काही वर्षांत नैसर्गिक हिऱ्यांचे भाव जे घसरले, त्यामागे मंदावलेली मागणी आणि प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांची स्पर्धा आहे. त्याचा फटका बोत्स्वानालाही बसला आहे.

"थेट बोत्स्वानाहून" असं कुणी म्हणालं तर

कोणी "ओळखीतून थेट खाणीतला हिरा, निम्म्या भावात" असं म्हणाला, तर जरा थांबा. २००३ पासून किंबर्ली प्रक्रियेच्या (संघर्षग्रस्त भागातले हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून देशांनी मिळून ठरवलेली व्यवस्था) नियमाप्रमाणे कच्चा हिरा सरकारी प्रमाणपत्राशिवाय आणि सीलबंद पेटीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. खिशातून तर नाहीच. दुसरी बाब अशी, की हे प्रमाणपत्र कच्च्या मालाच्या खेपेसाठी असतं. घडवलेल्या अंगठीसोबत कोणी 'किंबर्ली सर्टिफिकेट' दिलं, तर त्याला त्याचा अर्थ विचारा. तयार हिऱ्यांच्या व्यवहारात बिलावर विक्रेत्याची लेखी हमी असते, की हा माल संघर्षग्रस्त भागातल्या हिऱ्यांचा नाही. आमच्या बिलावर ती छापलेली आहे, पुढच्या वेळी पाहून घ्या.

मोठ्या खड्यासोबत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि त्यावर हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे आधी वाचा. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो. दुकानातच बसून आम्ही तो तुमच्यासमोर पाहून देऊ.

आजीच्या काळचे खडे दाखवायचे असतील तर दागिना मोडून आणू नका, जसा आहे तसा आणा. जुनं बिल असलं तर सोबत ठेवा, नसलं तरी चालेल.