काळी छत्री आणि हजार निट्स

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, ड्रोन उडवणारा पोरगा ओळखायचा असेल तर डोक्यावरून दुपट्टा ओढून रिमोटवर वाकलेला माणूस शोधावा. जोडी धुरळा उडवत पुढे निघून जाते, हा आत उन्हात न दिसणाऱ्या स्क्रीनवर अजून चित्रच शोधत असतो.

२०१३च्या सुरुवातीला डीजेआय या ड्रोन कंपनीचा पहिला फँटम ड्रोन आला तेव्हा ही भानगड फारशी नव्हती. बहुतेक जण मान वर करून ड्रोन उडवायचे, खाली छोटा कॅमेरा टांगलेला असायचा आणि काय टिपलं ते उतरवल्यावर कळायचं. त्याच वर्षाअखेरीस फँटम २ व्हिजन आला आणि वरचं दृश्य मोबाईलवर दिसू लागलं. गोम इथंच आहे. मोबाईल घरात बघायला केलेला. तेव्हाच्या चांगल्या फोनचा उजेडही ५०० निट्सच्या आसपास. (निट म्हणजे स्क्रीनची किंवा कुठल्याही वस्तूची चमक मोजायचं एकक.)

आता वावरातला हिशेब बघा. दुपारचं ऊन साधारण १ लाख लक्स (लक्स म्हणजे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप). त्यात पांढरा सदरा चमकतो तो जवळपास २५ हजार निट्सनी. साधी काच समोरून पडलेल्या उजेडातला ४ टक्के परत फेकते, म्हणजे आपल्याच सदऱ्याची हजार निट्सचं प्रतिबिंब स्क्रीनवर पसरतं. ५०० निट्सचं चित्र त्याखाली बुडणारच. (गडद शर्ट घातला तर हे प्रतिबिंब फुकटात कमी होतं, हे दुकानदार सांगत नाही.)

यावर तोडगा म्हणून २०१७ला क्रिस्टलस्काय ही वेगळी स्क्रीन आली, १००० आणि २००० निट्सची. २०१९च्या स्मार्ट कंट्रोलरमध्ये १००० निट्सची स्क्रीन रिमोटमध्येच बसली. मग स्वस्ताई आली आणि आकडा घसरला: २०२२चा डीजेआय आरसी हा स्क्रीनवाला रिमोट ७०० निट्सचा. ढगाळ दिवशी तो चालतो. लगीनसराईत भर दुपारी वरात टिपायची असेल तर माझ्या मते १०००च्या खाली जाऊ नये.

मोबाईलच्या खोक्यावर हल्ली २००० निट्स लिहिलेले असतात, पण तो कमाल उजेड असतो, कायमचा नव्हे. फोन तापला की स्वतःच ब्राइटनेस उतरवतो. आयफोनला ३५ अंशांपर्यंतची हवा मानवते, डीजेआय आरसीला ४० पर्यंतची. चंद्रपूर-अकोल्याचा मे महिना ४५ ओलांडतो. जिथे उजेड सर्वांत जास्त लागतो तिथेच तो गळतो.

फवारणीच्या ड्रोनचं गणित वेगळं. २०१७ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली; पाठीवरचा पंप उतरवायला हवा ही निकड तेव्हापासूनची. २०२१ला ड्रोन नियम आले, डिसेंबरात ड्रोनने फवारणीची सरकारी कार्यपद्धती आली, २०२३ला महिला बचत गटांना ड्रोन देणारी नमो ड्रोन दीदी योजना. पण पऱ्हाटीवर फवारा मारायचा तो बहुतेक पावसाळ्यात, सकाळी नाहीतर संध्याकाळी. मार्ग आधी आखलेला, नजर ड्रोनवर आणि धुऱ्यावरच्या तारांवर. स्क्रीनवर बॅटरी, टाकी आणि नकाशा वाचता आला की झालं. तिथे निट्सपेक्षा मोठे आकडे आणि ओल्या बोटाला दाद देणारा टच कामाचा.

पटावरच्या पोराचा पांढरा दुपट्टा मात्र त्याच्याच मुळावर येतो. पातळ कापडातून ऊन झिरपतं, आतली बाजू उजळते आणि तीच स्क्रीनवर उमटते. काळी छत्री बरी. आणि पोलराइज्ड गॉगल घातला असेल तर रिमोट जरा फिरवून बघावा. काही कोनांत एलसीडी पार काळी पडते आणि पोरगा समजतो सिग्नल गेला.