मुद्दाम लाज ओढवून घ्यायचा सराव

चारचौघात मुद्दाम काहीतरी येडपटासारखं करायचं, लोक बघतील हसतील ते होऊ द्यायचं, आणि एवढं होऊनही आपलं काही बिघडत नाही हे स्वतः अनुभवायचं, असा हा सराव. इंग्रजी नाव शेम अटॅकिंग. स्वतःबद्दल सतत शंका घेणाऱ्या, लोक काय म्हणतील या धास्तीने गप्प बसणाऱ्या माणसांसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी तो काढला. त्यांनी १९५५च्या सुमारास सुरू केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा, म्हणजे आरईबीटीचा, तो भाग आहे.

एलिस स्वतः एकेकाळी भयंकर बुजरे होते, बायकांशी बोलायची भीती आणि भाषणाचीही. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटभराच्या आत बोलायला लागायचं, कारण जास्त वेळ घेतला की डोकं सबबी शोधतं. ते सांगायचे त्याप्रमाणे १३० जणींपैकी ३० लगेच उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती पण आलीच नाही! आकडे बघितले तर सपशेल अपयश, पण भीती गेली. (आज कोणी अनोळखी बायकांवर हा प्रयोग करू नये हे वेगळं सांगायला नको.) भाषणाची भीतीही त्यांनी अशीच घालवली, भाषणं देत देत.

पुढे पेशंटना ते असलाच होमवर्क द्यायचे. सगळ्यात गाजलेला म्हणजे केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं रस्त्यावरून फिरवायचं, दुसरा ट्रेनमध्ये मोठ्याने स्टेशनची नावं पुकारायची. आपल्याकडे गर्दीच्या लोकलमध्ये कोणी उगाचच "पुढचं स्टेशन दादर" ओरडलं तर काय होईल, चार जण वळून बघतील आणि परत मोबाईलमध्ये डोकं घालतील, बास. नियम दोनच, कोणाला त्रास होता कामा नये आणि आपली नोकरी जाईल किंवा पोलीस येतील असलं काही करायचं नाही.

यातली खरी मेहनत डोक्यात चालते, आणि हे बरेच जण विसरतात. नुसता बावळटपणा करून घरी आलं की काम झालं असं नाही. लोक हसत असताना स्वतःशी बोलायचं असतं: यांना मी आवडलोच पाहिजे असं कुठे लिहिलंय, हसले तर वाईट वाटेल पण सहन होईल, आणि माझं वागणं मूर्खपणाचं असलं म्हणून मी अख्खा मूर्ख ठरत नाही. त्यामुळे एलिस सेल्फ-एस्टीमच्या चक्क विरोधात होते. जमलं की मी भारी, नाही जमलं की मी फालतू, असा स्वतःचा भाव रोज ठरवत बसलात तर शंका जाणारच नाही असं त्यांचं म्हणणं, म्हणून मार्क द्यायचे ते कामाला, स्वतःला विनाअट स्वीकारायचं. मला हा भाग "तू करू शकतोस" छाप भाषणांपेक्षा कितीतरी पटीने दमदार वाटतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये वेगळ्या वाटेने जवळपासचंच मांडलं: "हे मला जमेल" हा विश्वास सगळ्यात जास्त बसतो तो स्वतः करून बघितल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघूनही बसतो, पण नुसत्या शाब्दिक धीराने फार टिकत नाही.

महाराष्ट्रात एलिस यांचे विचार पोचवण्यात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा मोठा वाटा, त्यांचा एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता आणि मराठीतून लेखनही.

या सरावाची सुरुवात छोटी करतात, म्हणजे दुकानात भाव विचारून काहीच न घेता निघणं, मीटिंगमध्ये "मला कळलं नाही, परत सांगा" म्हणणं वगैरे, आणि एकदा करून सोडत नाहीत, तेच परत परत करतात. लोकांच्या भीतीने घराबाहेर पडणंच बंद झालं असेल किंवा पॅनिक अटॅक येत असतील तर मात्र हे एकट्याने न करता थेरपिस्टसोबत करायचं असतं.