नळीवरचा मॉडरेटर आणि कानावरचा मफ: आवाज नेमका कुठे अडतो?

"मॉडरेटर लावलाय, मग कानाला कशाला काही?" रायफल चालवणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य वरचेवर ऐकू येतं. मॉडरेटर म्हणजे बाराचा दणका कमी करायला नळीच्या तोंडाला बसवायचं नळकांडं. त्याचं उलटं वाक्यही तितकंच ऐकू येतं: "मफ चांगले आहेत, मॉडरेटरवर पैसे कशाला घालवायचे?" मफ म्हणजे दोन्ही कान झाकणाऱ्या, गादी लावलेल्या वाट्या. दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. या दोन वस्तू एकमेकींची जागा घेऊ शकतात, असं लोकांना वाटतं. खोक्यावरचे आकडेही ही समजूत पक्की करतात. मॉडरेटरवर २५-३० डेसिबल (आवाज मोजायचं एकक) कमी होतील असं लिहिलेलं असतं आणि कानातल्या फोमच्या बोळ्यांवरही तसंच काहीतरी. आकडा सारखा, तर कामही सारखंच असणार, असं कोणालाही वाटेल. मला हा गैरसमज फार घातक वाटतो, कारण त्याची किंमत कान मोजतो आणि तीही काही वर्षांनी.

आधी बार म्हणजे काय ते पाहू. आपल्याला एकच दणका ऐकू येतो, पण त्यात निदान तीन आवाज मिसळलेले असतात. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी तिच्यामागचा तापलेला, प्रचंड दाबाखालचा वायू एकदम हवेत सुटतो. सगळ्यात मोठा दणका हाच. दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. २० अंश तापमानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि मोठ्या रायफलची गोळी ८०० मीटरच्या आसपास. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी वस्तू हवा फाडत जाते, त्यामुळे चाबूक ओढल्यासारखा सट्‌ आवाज तिच्या वाटेभर निघत राहतो. तिसरा आवाज रायफलच्या यंत्रणेचा, बोल्टचा आणि घोड्याचा. पहिल्या दोघांपुढे तो किरकोळच.

मॉडरेटर यातल्या फक्त पहिल्या आवाजाला हात घालतो. नळीच्या तोंडाला आट्यांवर बसवलेला हा पोकळ दंडगोल. आत एकामागोमाग एक पडदे, म्हणजे बॅफल, आणि प्रत्येकाच्या मधोमध गोळी जाईल एवढं भोक. गोळी सरळ निघून जाते, तिच्यामागचा वायू मात्र या कप्प्यांत अडतो, वळतो, फिरतो, पसरतो आणि थोडा थंड होतो. बाहेर पडेपर्यंत त्याचा जोर बराच ओसरलेला असतो. गोळीच्या सट्‌ आवाजावर याचा काडीचाही परिणाम होत नाही, कारण तो आवाज नळीपाशी जन्मतच नाही. मोकळ्या माळावर तो नेमबाजाला कमी जाणवतो. झाडी, टेकडी किंवा भिंत जवळ असली की तोच आपटून परत येतो.

मॉडरेटरला 'सायलेन्सर' म्हणायची सवय आपल्याला पडली आहे. या शब्दाने फार नुकसान केलंय. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम यांना १९०९ मध्ये याचं पेटंट मिळालं आणि 'मॅक्सिम सायलेन्सर' याच नावाने ते विकलं गेलं. तेव्हापासून शांततेचं आश्वासन त्या वस्तूला चिकटलं ते चिकटलंच. पर्सी यांचे वडील म्हणजे मॅक्सिम मशीनगनचे जनक. आपल्याच बंदुकांच्या आवाजाने उतारवयात ते जवळजवळ ठार बहिरे झाले होते. बापाने आवाज जन्माला घातला आणि लेकाने तो आवरायचा मार्ग शोधला. ही जोडी मला नेहमी हेलावते. पण लेकाच्या यंत्राचं नाव 'मॉडरेटर' असतं, तर कितीतरी लोकांचे कान वाचले असते.

आता आकडे. मोठ्या रायफलचा बार चालवणाऱ्याच्या कानाशी साधारण १५५ ते १७० डेसिबलचा असतो. मोठ्या माणसाच्या कानावर एका क्षणासाठीसुद्धा १४० डेसिबलच्या वरचा दणका बसू नये, अशी मर्यादा सर्वत्र धरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांसाठी ती १२० सांगितली आहे. डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. १० डेसिबल उतरले की ऊर्जा दहापट घटते, ३० उतरले की हजारपट. कानाला मात्र प्रत्येक १० डेसिबलला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे उत्तम मॉडरेटरने ऊर्जेचा हजारावा भाग उरला, तरी कानाला आवाज आठव्या हिश्श्यावर आल्यासारखा भासणार. १६५ चा बार १३५ वर आला, तर १४० ची मर्यादा जेमतेम चुकली एवढंच. मर्यादेच्या खाली काही बिघडत नाही, असा त्याचा अर्थ नाही. आणि सरावाच्या दिवशी कोणी एकच गोळी झाडून घरी जात नाही.

शिवाय मॉडरेटरचा तो ३० चा आकडा बहुतेक वेळा नळीच्या तोंडाजवळ, बाजूला मायक्रोफोन ठेवून मोजलेला असतो. तुमचा कान तिथे नसतो. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये तर मॉडरेटरमुळे अडलेला वायू मागे फिरतो आणि रिकामं काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीतून निसटतो. ती खिडकी गालापासून वीतभर अंतरावर. तिथला फुस्स आवाज खोक्यावर कुठेच छापलेला नसतो.

कानाच्या साधनांचा आकडा वेगळ्याच घरातला आहे. तो प्रयोगशाळेत काढतात, बंदुकीचा बार न उडवता, शिकवून-समजावून नीट बसवलेल्या साधनावर. प्रत्यक्षात माणसं घाईत बोळे कोंबतात. म्हणून अमेरिकेतली कामगार-सुरक्षा संस्था ओशा खोक्यावरच्या आकड्यातून आधी ७ वजा करते आणि उरलेल्याचं निम्मंच खात्रीचं धरते. या हिशेबाने ३३ च्या बोळ्याचे १३ होतात. हिशेब कडक वाटेल, पण मी जेवढे अर्धवट बसलेले बोळे पाहिले आहेत, त्यावरून तो मला रास्तच वाटतो.

बोळा बसवणं जवळून पाहण्यासारखं आहे. हात स्वच्छ हवेत. बोटांत बोळा घोळवून त्याची बारीक, सुरकुती नसलेली वात करायची. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग वर आणि किंचित मागे ओढायचा. कानाची नळी वाकडी असते, ओढल्यावर ती सरळ होते. मग वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची, निदान २०-३० सेकंद. बहुतेक जण इथेच कंटाळतात. बोट काढलं की बोळा फुगता फुगता बाहेर सरकतो. नीट बसला असेल तर स्वतःचं बोलणं डोक्याच्या आत घुमल्यासारखं येतं आणि समोरून पाहणाऱ्याला बोळा जवळजवळ दिसत नाही. कानाबाहेर टोपणासारखा लटकताना दिसला, तर तो कानात नाहीच असं समजा.

एकदा माझा डावा बोळा असाच अर्धवट राहिला होता. शेजारच्या जागेवरून बार झाला आणि त्या कानात दडा बसला. रात्री सगळं शांत झाल्यावर त्याच कानात बारीक शिट्टी वाजत असल्याचं लक्षात आलं. ती दुसऱ्या दिवशी दुपारी थांबली. थांबली, हे नशीब. कित्येकांची थांबत नाही.

मफचं दुखणं निराळं. त्याची सगळी भिस्त कानाभोवतीच्या गादीवर असते, आणि ती गादी त्वचेला सगळीकडून टेकायला हवी. चष्म्याची दांडी मधे आली की फट पडते. केसांची जाड बट आली की पडते, टोपीची कड आली की पडते. आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे रायफलचा दस्ता. उभं राहून मफ चाचपला तर घट्ट लागतो. मग तुम्ही गाल दस्त्याला टेकवता, मान पुढे झुकते, दस्त्याची कड मफच्या वाटीला खालून ढकलते आणि गादी त्या बाजूने बोटभर उचलली जाते, नेमकी चाप ओढायच्या क्षणी. ही गोष्ट ज्याची त्याला कळत नाही, शेजारच्याला दिसते. म्हणून रायफलसाठी खालून चपटी वाटी असलेले मफ घ्यावेत आणि नेम धरलेल्या स्थितीत कोणाला तरी गादी पाहायला सांगावं.

इलेक्ट्रॉनिक मफबद्दलही गोंधळ आहे. त्यातला मायक्रोफोन हळू आवाज वाढवून ऐकवतो आणि मोठा आवाज आला की ऐकवणं बंद करतो किंवा दाबतो. त्याने सूचना ऐकू येतात, मफ उचलून "काय?" विचारायची वेळ येत नाही, आणि हा फायदा मोठा आहे. पण बार अडवते ती प्लास्टिकची वाटी आणि गादीच. बॅटरीमुळे संरक्षण वाढत नाही.

"बार इतका क्षणभराचा असतो, कान सावरेल की" असंही ऐकायला मिळतं. मोठा आवाज आला की मधल्या कानातला बारीक स्नायू आखडतो आणि आवाज थोडा अडवतो, हे खरं. पण त्याला आखडायला काही दशांश मिलिसेकंद नव्हे, चांगले ४० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. तोवर बार येऊन आत पोचलेला असतो. आत शंखिकेत, म्हणजे गोगलगायीच्या शंखासारख्या त्या पोकळीत, सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यांचा बहुतेकदा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजव्यावर डोक्याची सावली पडते.

मग दोन्हींपैकी काय? मोठ्या रायफलला माझं उत्तर स्पष्ट आहे: दोन्ही. १६५ च्या बारावर नुसते मफ, प्रत्यक्षात २० डेसिबल अडवणारे, घातले तर कानाशी १४५ उरतात. नुसता मॉडरेटर लावला तर १३५. दोन्ही असतील तर ११५ च्या घरात येतो, आणि तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. मॉडरेटर नसेल तर बोळे आणि त्यावर मफ, असं दुहेरी. पण इथे बेरीज करू नका. दोघांपैकी ज्याचा आकडा मोठा, त्यात दुसऱ्यामुळे साधारण ५ डेसिबलचीच भर पडते. पुढे कवटीचं हाडच आवाज आत पोचवतं, कान कितीही बुजवला तरी. मॉडरेटरची वजाबाकी मात्र पूर्ण लागू होते, कारण तो आवाज हवेत पसरण्याआधीच कमी करतो.

आणि त्याचा फायदा सगळ्यांना होतो, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. मफ फक्त घालणाऱ्याला वाचवतो. शेजारी दुर्बीण धरून बसलेला साथीदार, मागे उभं असलेलं मूल, पायाशी बसलेला शिकारी कुत्रा यांच्यापर्यंत तो पोचत नाही, आणि कुत्र्याला तर बोळे घालताही येत नाहीत. मुळात गोंगाट कमी करणं आधी, अंगावरची साधनं नंतर, हा कारखान्यांतल्या सुरक्षेचा जुना क्रम इथेही खरा ठरतो. तरी एकच घेणं परवडत असेल, तर आधी कानाचं घ्या. ते प्रत्येक रायफलला चालतं आणि दुसऱ्याच्या बारापासूनही वाचवतं. मॉडरेटर फक्त तुमच्या नळीवरचा आवाज उतरवतो. शेजारच्या नळीवर काही नसेल तर तुमचा उघडा कान उघडाच.

शेजारच्या नळीवर मझल ब्रेक असेल तर आणखी वाईट. लांबून तो छोट्या मॉडरेटरसारखा दिसतो, काम मात्र उलट करतो. धक्का कमी व्हावा म्हणून वायू बाजूला आणि मागे फेकतो, आणि त्याबरोबर दणकाही फेकतो. बंदिस्त रेंजमध्ये ब्रेकवाल्या रायफलशेजारी नुसत्या बोळ्यांवर बसू नये.

.२२ रिमफायरचं, म्हणजे छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाच्या रायफलचं, गणित सौम्य आहे. लांब नळीच्या .२२ चा बार १४० च्या आसपास किंवा थोडा खालीच असतो. ध्वनीपेक्षा हळू जाणारं काडतूस आणि मॉडरेटर अशी जोड असेल तर गोळीचा सट्‌ आवाजही जातो आणि उरलेला आवाज खरंच सौम्य असतो. सायलेन्सरबद्दल लोकांच्या मनात जे चित्र असतं ते या एका जोडीपुरतं बरंचसं खरं आहे. मोठ्या रायफलला ते लावलं की फसगत होते.

मॉडरेटरची स्वतःची मागणीही आहे. नळीच्या टोकाला वजन वाढतं, गोळी लागायची जागा सरकते, म्हणून लावून आणि काढून दोन्ही वेळा नेम तपासावा लागतो. तापला की दुर्बिणीसमोर हवा थरथरते आणि लक्ष्य लहरतं. आटे सैल झाले तर गोळी आतल्या पडद्याला घासते, म्हणून दर थोड्या बारांनंतर, रायफल रिकामी करून, तो हाताने घट्ट करून पाहावा. कायदा देशागणिक बदलतो. नॉर्वे-फिनलंडमध्ये शिकारी तो सर्रास वापरतात, तर काही देशांत जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. परवान्याचं आधी बघावं, मग दुकान.

बारानंतर कानात दडा बसला किंवा शिट्टी वाजू लागली, तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवावा. दुसऱ्या दिवशीही ती तशीच राहिली, तर वाट न पाहता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं, कारण उपचाराचा उपयोग झाला तर सुरुवातीच्या दिवसांतच होतो. आणि काही त्रास नसला तरी अधूनमधून श्रवणचाचणी करून आलेख जपून ठेवावा. बाराने दुखावलेल्या कानाच्या आलेखात खड्डा बहुधा ४००० हर्ट्‌झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या, आसपास पडतो. साधं बोलणं तेव्हा नीट ऐकू येत असतं, म्हणून घरात कोणालाच काही जाणवत नाही, पण कागदावर तो खड्डा स्पष्ट दिसतो.