फेलओव्हर : राउटर व स्विचमधील सोय आणि तिच्या मर्यादा

राउटर (कार्यालयाचे जाळे बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारे यंत्र) किंवा स्विच (कार्यालयातली यंत्रे एकमेकांना जोडणारे यंत्र) बंद पडल्यावर त्याचे काम शेजारच्या राखीव यंत्राने आपोआप उचलण्याच्या सोयीला फेलओव्हर म्हणतात. यंत्र साफ मेले तर ही सोय चोख काम करते. ते अर्धवट जिवंत असेल, किंवा दोन्ही यंत्रे एकाच कारणाने जाणार असतील, तर मात्र तिचा भरवसा धरू नये. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत याचा उल्लेख सहसा नसतो.

कार्यपद्धती. यासाठी व्हीआरआरपी (पहिले मानक १९९८, सध्याचे २०२४) आणि सिस्को कंपनीचा एचएसआरपी हे प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलण्याचे ठरलेले नियम, रूढ आहेत. दोन राउटर मिळून एकच आभासी आयपी पत्ता (कोणत्याही एका राउटरशी न जखडलेला, जाळ्यावरचा क्रमांक) वापरतात. व्हीआरआरपीत मुख्य राउटर साधारणपणे दर सेकंदाला आपण चालू असल्याचा निरोप धाडतो. सलग तीन निरोप चुकले आणि वर थोडा वेळ गेला की राखीव राउटर ताबा घेतो. नेहमीच्या सेटिंगला हे सुमारे ३.६ सेकंदांत होते. एचएसआरपीत निरोप ३ सेकंदांनी जातो आणि वाट १० सेकंद पाहिली जाते.

न दिसणारा बिघाड. हे निरोप फक्त कार्यालयातल्या आतल्या जाळ्यावर फिरतात. बाहेरची लाइन तुटली तरी ते सुरळीत चालू राहतात. मुंबई–गोवा महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडली, असे समजा. रत्नागिरीतल्या पतपेढीत सेवा कंपनीचा डबा विजेवर चालूच असतो, त्यामुळे त्याला जोडलेल्या राउटरच्या पोर्टचा (केबल जोडायच्या खाचेचा) हिरवा दिवाही तसाच राहतो. राउटरच्या लेखी सगळे ठीक असते आणि खिडकीपाशी मात्र रांग वाढत जाते. नुसत्या पोर्टवर लक्ष ठेवण्याची सोय इथे कुचकामी ठरते; दूरच्या एखाद्या पत्त्याला सतत हाक देऊन उत्तर येते का, हे तपासावे लागते.

दोन मुख्य राउटर. याच्या उलटही घडते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने तांब्याच्या कनेक्टरला गंज चढतो, मधूनच निरोप गळतात आणि राखीव राउटर पहिला जिवंत असतानाच स्वतःला मुख्य समजू लागतो. आता दोघेही एकाच आभासी मॅक पत्त्याने (स्विच ज्यावरून यंत्र ओळखतो त्या क्रमांकाने) बोलतात. स्विचला तो पत्ता कधी या पोर्टवर दिसतो, कधी त्या, आणि नेट तुटक चालते. पूर्ण बंद पडण्यापेक्षा हा बिघाड शोधायला जास्त वेळ लागतो.

चालू व्यवहार. व्हीआरआरपी फक्त पत्त्याचा ताबा देतो. नॅटची (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या सोयीची) नोंदवही आणि फायरवॉलमधली (रहदारी तपासणाऱ्या पहारेकऱ्यातली) चालू सत्रे त्यातून जात नाहीत. त्यासाठी वेगळी जुळणी लागते. ती नसेल, तर ताबा बदलताच अर्ध्यावरचा व्यवहार किंवा फोनकॉल तुटतो. एकाच पेटीत दोन नियंत्रक कार्डे असलेल्या महागड्या स्विचांमध्ये पहिल्या कार्डाची स्थिती दुसऱ्यावर सतत उतरवून घेतली जाते खरी, पण दोन्ही कार्डांवर सॉफ्टवेअर एकच असते. ज्या दोषाने पहिले कार्ड कोसळले, त्यानेच दुसरेही कोसळू शकते.

परत येण्याची घाई. व्हीआरआरपीत वरच्या प्राधान्याचा राउटर चालू होताच ताबा परत घेतो; एचएसआरपीत ही मुभा मुद्दाम द्यावी लागते. पावसाळ्यात लाइट दहादा येते-जाते. मुख्य राउटर उठतो, बाहेरचे मार्ग पुरते शिकण्याआधीच ताबा घेतो आणि तेवढा वेळ सगळी रहदारी गडप होते. इन्व्हर्टर नसलेल्या ठिकाणी हे दिवसभर चालते. परतीला काही मिनिटांचा विलंब लावणे किंवा ती हाताने करणे, हे दोन्ही उपाय सोपे आहेत आणि बहुतेक ठिकाणी लावलेले नसतात.

समान धोका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड, दापोली, मंडणगड भागात विजेचे खांब आणि मोबाइल टॉवर दोन्ही पडले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. तळमजल्यावरच्या एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर बसवलेली जोडी अशा वेळी एकत्रच जाते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या तरी चौकशी करावी लागते, कारण दोन्हींची फायबर महामार्गाकडेच्या एकाच चरातून आलेली असू शकते. मोबाइल डेटाची पर्यायी जोडणी घेताना त्या टॉवरची लाइन कुठून येते आणि बॅटरी किती तास टिकते, हेही विचारावे लागते.